विजेची लहान मोटार : रोजच्या वापरास कितपत योग्य?

एखाद्या वस्तूचे परीक्षण करावयाचे तर ती कोणत्या कामासाठी हवी आहे हे आधी ठरविले पाहिजे. कोयता चांगला की वाईट हे त्याच्या मुठीवरील पितळी कडीवरून ठरत नाही. नारळ किती घावांत सोलून होतो यावरून ठरते. मोटारगाडीचेही तसेच आहे. प्रदर्शनात मांडलेली गाडी वेगळी आणि सकाळी साडेसातला दारातून निघून मुलाला शाळेत, आजीला दवाखान्यात व आपल्याला कामावर पोहोचवून सायंकाळी बाजाराच्या पिशव्यांसह परत आणणारी गाडी वेगळी. या लेखात विचार करावयाचा आहे तो या दुसऱ्या गाडीचा.

निमित्त घडले ते नववीच्या वर्गात. ‘काटकसर’ या विषयावर निबंध लिहावयास दिला असता एका विद्यार्थ्याने उभे राहून विचारले, “टीचर, आमच्या बाबांना गाडी घ्यायची आहे. पेट्रोलची घ्यावी की विजेची?” त्याचे वडील कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीस आहेत. भविष्यनिर्वाह निधीतून थोडे पैसे काढून व उरलेले कर्जाने उभे करून ही खरेदी व्हावयाची होती. प्रश्न चार शब्दांचा; परंतु त्याच्या उत्तरावर एका घराची कित्येक वर्षांची शिल्लक अवलंबून होती. मी कला शाखेची पदवीधर, इतिहास व मराठी शिकविणारी. यंत्रशास्त्रात मला गती नाही. तथापि माझ्या थोरल्या दिरांकडे अशी गाडी दीड वर्षापासून आहे आणि तिच्या प्रत्येक फेरीची नोंद वहीत करण्याची त्यांना सवय आहे. ती वही मी मागून घेतली, आपल्या शाळेच्या विज्ञानशिक्षकांकडून आकडे तपासून घेतले, आणि त्यातून जे हाती लागले ते येथे मांडीत आहे.

उदाहरणासाठी एकच गाडी डोळ्यांसमोर ठेवू : टाटा कंपनीची ‘टियागो ईव्ही’. तिची जाहिरात करण्याचा हेतू नाही. सामान्य कुटुंबाच्या आवाक्याजवळ येणाऱ्या ज्या थोड्या विद्युत्-गाड्या आपल्याकडे निघाल्या त्यांतील ही एक, आणि आपल्या गावांत ती दिसते, एवढेच कारण. ही कंपनी आपल्याला परकी नाही. सत्तरीतील मुलांना होंडा-भुईपाल भागात तिच्यासाठी बसगाड्यांचे सांगाडे बांधणारा कारखाना ठाऊक असेलच. टियागो मात्र गुजरातेत साणंद येथे तयार होते. सप्टेंबर २०२२ मध्ये तिची विजेवरील आवृत्ती जाहीर झाली, तेव्हा पहिल्या ग्राहकांसाठी किंमत ८ लाख ४९ हजारांपासून ११ लाख ७९ हजारांपर्यंत होती. त्यानंतर किमती व बारीकसारीक सोयी बदलत आल्या आहेत. म्हणून खरेदीच्या वेळचा भाव दुकानातच विचारावा. आपल्याला येथे रीत शिकावयाची आहे.

विजेची मोटार ही नवी कल्पना आहे असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः मोटारीने ताशी १०० किलोमीटरचा वेग प्रथम ओलांडला तो विजेवरच. २९ एप्रिल १८९९ रोजी पॅरिसजवळ कामिय जेनात्सी या बेल्जियन गृहस्थाने गोळीच्या आकाराच्या गाडीत बसून हा पराक्रम केला. गाडीचे नाव ‘ला जामे कोंतांत’, म्हणजे ‘कधीच समाधान न पावणारी’. अमेरिकेतील शहरांतही त्या सुमारास विजेच्या गाड्या बऱ्याच होत्या, कारण पेट्रोलच्या गाडीला पुढून दांडा फिरवून चालू करावे लागे आणि त्यात मनगट मोडण्याचे भय असे. १९१२ साली कॅडिलॅक गाडीत विजेने इंजिन चालू करण्याची युक्ती आली. पेट्रोलही मुबलक व स्वस्त मिळू लागले. आणि शिशाच्या जड बॅटरीवर रखडत चालणारी विजेची गाडी मागे पडली. म्हणजे तिला हरविण्यात विजेनेच हातभार लावला, ही एक मौजच! पुढे लिथियमची हलकी बॅटरी १९९१ साली बाजारात आली व तिच्या शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात २००१ साली बेंगळुरूची ‘रेवा’ ही चिमुकली विजेची गाडी निघाली होती. परंतु तिच्यात पुन्हा शिशाचीच बॅटरी असल्यामुळे ती फार दूर जाऊ शकली नाही.

आता गाडीच्या अंतरंगाकडे वळू. आपल्या घरच्या वीजबिलावर ‘युनिट’ हा शब्द असतो. एक किलोवॉटचे उपकरण, समजा एखादी मोठी इस्त्री, तासभर चालले की एक युनिट वीज खर्च होते. टियागोच्या बॅटऱ्या दोन मापांच्या निघाल्या : एक १९.२ युनिटांची व दुसरी २४ युनिटांची. आपण त्यांना धाकटी आणि थोरली म्हणू. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. म्हणजे थोरल्या बॅटरीत जी ऊर्जा मावते ती अवघ्या पावणेतीन लिटर पेट्रोलएवढी. तरीही गाडी तेवढ्यावर दोनशे किलोमीटरच्या आसपास जाते. हे कसे? पेट्रोलच्या इंजिनात ऊर्जेचा मोठा भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो; चाकांपर्यंत फार तर पाव हिस्सा पोहोचतो. विजेचे चलित्र मात्र मिळालेल्या ऊर्जेपैकी बहुतेक सर्व गतीत रूपांतरित करते. पेट्रोलची गाडी चालवून आल्यावर तिच्या तोंडावर हात ठेवणे अशक्य असते, ते याच कारणामुळे : ती उष्णता आपण पैसे देऊन विकत घेतलेली असते.

दुसरी गंमत उताराची. पायाने गती देण्याचे पेडल सोडले की हेच चलित्र उलटे काम करू लागते, चाकांच्या गतीपासून वीज निर्माण करून बॅटरीकडे परत पाठविते, आणि गाडी मंदावते. सायकलच्या चाकाला घासून दिवा पेटविणारा डायनामो तुमच्या आजोबांनी वापरला असेल; तत्त्व तेच.

कंपनीने २०२२ साली धाकट्या बॅटरीवर २५० व थोरलीवर ३१५ किलोमीटर हा पल्ला जाहीर केला होता. हे आकडे खोटे नसतात, पण ते प्रयोगशाळेतील ठरावीक कसोटीचे असतात. तेथे फोंड्याचा बाजार नसतो, रस्त्यात बसलेल्या गायी नसतात आणि एप्रिलच्या दुपारी वातानुकूलन चालू ठेवण्याचा मोह नसतो. दिरांच्या थोरल्या गाडीच्या वहीत दीड वर्षाची सरासरी दर किलोमीटरला ०.१२ युनिट पडते. २४ ला ०.१२ ने भागा : २०० किलोमीटर. याच हिशेबाने धाकटी १६० किलोमीटर जावी. आणि अगदी शेवटच्या थेंबापर्यंत कोणी जात नाही, म्हणून १४० धरावे. जाहिरातीतील आकड्याला दोन-तृतीयांशाने गुणावे, हा साधा नियम घरच्या वापरास पुरेसा आहे.

हे अंतर पुष्कळ की थोडे? गोव्याची उत्तर-दक्षिण लांबी सुमारे १०५ किलोमीटर. फोंड्याहून पणजीस जाऊन यावयाचे तर साठ किलोमीटर पुरतात. कुंडईला जाणाऱ्या आपल्या पालकांचे घर कारखान्यापासून १४ किलोमीटरवर आहे, जाऊन-येऊन २८. त्यासाठी साडेतीन युनिटदेखील लागत नाहीत. धाकटी बॅटरी भरून ठेवली तर चार-पाच दिवस तिच्याकडे पाहावयास नको.

परंतु गोव्यातील मराठी कुटुंबांचा गोतावळा घाटावर असतो. लग्नकार्य निघाले की बेळगाव, सणासुदीला कोल्हापूर. तेव्हा चोर्ला घाटाचा विचार करणे भाग आहे, आणि हा भाग दहावीच्या मुलांनी वहीत सोडवून पाहण्यासारखा आहे. गाडी व माणसे मिळून वजन १,४०० किलोग्रॅम धरू. चढावयाची उंची सुमारे ८०० मीटर. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार केला की १,४०० × ९.८ × ८०० म्हणजे जवळजवळ १ कोटी १० लाख ज्यूल येतात. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. भागाकार केला तर उत्तर येते ३ युनिट, आणि मधल्या घसाऱ्यासह साडेतीन. एवढा प्रचंड डोंगर चढण्यास इतकीच वीज लागावी हे प्रथम पटत नाही. पण तो निसर्गाचा हिशेब आहे. त्यात सूटही नाही आणि वाढही नाही.

आता पणजी ते बेळगाव हे अंतर सव्वाशेच्या आतबाहेर धरले तर सपाटीच्या हिशेबाने १५ युनिट, घाटाचे साडेतीन, एकूण साडेअठरा. थोरली गाडी बेळगावास पोहोचते तेव्हा तिच्यात पाच-साडेपाच युनिट उरलेले असतात. धाकटीत मात्र एका युनिटापेक्षा कमी. म्हणजे ती वेशीवर तरी थांबेल किंवा थांबण्याच्या भीतीने चालविणाऱ्याचे प्राण कंठाशी आणील. येताना चित्र उलट. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच. तेवढी उंची उतरताना चढणीच्या ऊर्जेपैकी निम्म्याहून थोडा अधिक भाग परत मिळतो. दिरांच्या वहीत घाटाच्या माथ्यावर ‘६१ टक्के’ व पायथ्याशी ‘६४ टक्के’ अशी नोंद आहे. गाडी चालत असता तिची शिदोरी वाढावी, हे पेट्रोलच्या टाकीत कधी घडत नाही! शिवाय घाटात ब्रेक तापत नाहीत. मात्र एक सूचना ध्यानात ठेवावी. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर ती उतारावर मिळणारी वीज घेणार कोठे? भरल्या घागरीत पाणी ओतल्यासारखे ते होते. अशा वेळी चलित्राचा रोध फार कमी मिळतो व नेहमीच्या ब्रेकवर भिस्त ठेवावी लागते. टेकडीवर घर असणाऱ्यांनी म्हणून रोज शंभर टक्के भरू नये.

आता खऱ्या अडचणीकडे येऊ. ती रस्त्यावर नाही, घरात आहे. या गाडीला जेवू घालावे लागते. (माझ्या सासूबाई रात्री दिवे मालवताना दिरांना हमखास विचारतात, “गाडी जेवली?” हे वाक्य कोकणीत आणि मराठीत अगदी सारखेच आहे.) पंधरा अँपिअरच्या मोठ्या प्लगवर थोरली बॅटरी जवळजवळ रिकाम्या स्थितीतून पूर्ण भरण्यास साडेआठ-नऊ तास लागतात, धाकटीला सात. गाडी त्या वेळी सुमारे तीन किलोवॉट ओढते. तीन मोठ्या इस्त्र्या एकाच प्लगवर रात्रभर चालू ठेवल्या आहेत अशी कल्पना करा, म्हणजे भिंतीतील तारेवर काय भार पडतो ते समजेल. पाण्याचा बंबही तेवढी वीज घेतो. पण तो वीस मिनिटांत बंद होतो.

आपली जुनी घरे विजेच्या आधीची. मातीच्या भिंती, कौलांखालून नेलेली लाकडी पट्टीवरची बारीक तार, पडवीतल्या एका दिव्यासाठी पुढे वाढविलेली जोडणी. अशा तारेवर गाडी लावणे म्हणजे आगीला आमंत्रण होय. दिरांच्या घरी पहिल्याच महिन्यात प्लगच्या तोंडाशी काळा डाग पडला व जळकट वास येऊ लागला. तेव्हा वायरमनला बोलावून मुख्य फळीपासून थेट पडवीपर्यंत जाड तांब्याची स्वतंत्र तार, स्वतंत्र एमसीबी आणि चांगल्या प्रतीचा प्लग बसवावा लागला. हा खर्च गाडीच्या किमतीत कोणी सांगत नाही. तो धरलाच पाहिजे. मंजूर भार कमी असेल तर वीज खात्याकडे अर्ज करून तो वाढवून घ्यावा लागतो, तेही आधीच.

अर्थिंगची कथा तर ऐकण्यासारखी आहे. वीज चुकून गाडीच्या पत्र्यात उतरली तर तिने आपल्या अंगातून न जाता जमिनीत निघून जावे, यासाठी अंगणात खड्डा करून त्यात मीठ, कोळसा व धातूची नळी वा पट्टी पुरतात. आपल्याकडील जमीन जांभ्या दगडाची. पावसाळ्यात ती पाण्याने तुडुंब, पण मे महिन्यात कोरडी ठणठणीत, आणि कोरड्या दगडातून वीज सुखासुखी वाहत नाही. गेल्या उन्हाळ्यात चार्जरवर तांबडा दिवा लागला व गाडी वीज घेईना. घरात सर्वांनी गाडी बिघडली असे ठरवून टाकले. वायरमनने गाडीकडे पाहिलेसुद्धा नाही. विहिरीचे चार बादल्या पाणी अर्थिंगच्या खड्ड्यात ओतले, आणि दिवा हिरवा झाला. चार्जर आधी जमिनीची परीक्षा घेतो आणि मगच गाडीला वीज देतो, हे त्या दिवशी सर्वांना कळले. त्या खड्ड्यावर आता तुळशीला घालावयाचे पाणी सांडत असते.

सदनिकेत राहणाऱ्यांची गोष्ट निराळी. गाडी खाली, मीटर दुसऱ्या कोपऱ्यात, आणि तार न्यावयाची तर साऱ्या संस्थेची संमती. ही संमती लेखी हाती येईपर्यंत गाडी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सार्वजनिक जलद केंद्रावर ही गाडी दहापासून ऐंशी टक्क्यांपर्यंत सुमारे तासाभरात भरते, हे खरे. परंतु रोजच्या गाडीला रोज तासभर उभे राहावयास कोणाला सवड आहे? शिवाय यंत्र बंद असते, किंवा त्याच्यापुढे कोणी पेट्रोलची गाडी लावून चहाला गेलेला असतो. जलद केंद्र हे प्रवासातील धर्मशाळेसारखे आहे. तेथे एखादी रात्र काढावी, संसार थाटू नये.

खर्चाचे गणित मी वर्गात फळ्यावर सोडविले, तेच देते. सोप्या हिशेबासाठी पेट्रोल १०० रुपये लिटर धरू व पेट्रोलची लहान गाडी लिटरला १६ किलोमीटर जाते असे मानू. म्हणजे किलोमीटरला ६ रुपये २५ पैसे. विजेच्या गाडीला ०.१२ युनिट लागते, पण भरताना काही वीज उष्णतेत जाते. म्हणून मीटरवर ०.१४ युनिट पडते. दर ६ रुपये धरला तर किलोमीटरला ८४ पैसे. येथे पुष्कळ जण आपल्या जुन्या बिलावरील सर्वांत कमी दर धरून चूक करतात. घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो. महिन्याला ७०० किलोमीटर फिरणारी गाडी ९८ युनिट जास्तीची वीज घेते. ही वीज आपल्या बिलाच्या वरच्या टप्प्यात पडणार, खालच्या नव्हे.

तरीही दर किलोमीटरला ५ रुपये ४१ पैसे वाचतात. येथपर्यंत वर्गाने टाळ्या वाजविल्या. मग मी विचारले, “आणि गाडीची किंमत?” समजा, त्याच तोडीच्या पेट्रोलच्या गाडीपेक्षा थोरली विजेची गाडी ३ लाखांनी महाग आहे. तीन लाखांना ५.४१ ने भागले की सुमारे ५५,५०० किलोमीटर येतात. कुंडईच्या पालकांची फेरी २८ किलोमीटर, महिन्याचे कामाचे दिवस २५, म्हणजे वर्षाला ८,४०० किलोमीटर. अधिकचे पैसे वसूल होण्यास साडेसहा वर्षे लागतील. आणि हे पैसे कर्जाचे असतील तर? ९ टक्के दराने ३ लाखांचे पहिल्या वर्षाचे व्याज २७,००० रुपये. त्या वर्षातील इंधनाची बचत ४५,४००. निम्म्याहून अधिक बचत व्याजात गेली! पुढील वर्षांत मुद्दल फिटत जाईल तसे व्याज घटेल हे खरे, पण साडेसहाची आठ वर्षे व्हावयास वेळ लागणार नाही. बॅटरीची हमी कंपनीने दिली तीही ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल ते. म्हणजे आपण नफ्यात यावयाचे आणि हमी संपावयाची, असा योग.

याउलट औषधांच्या दुकानांना माल पुरविणारा एखादा गृहस्थ रोज ६० किलोमीटर फिरतो असे समजा. वर्षाला १८,००० किलोमीटर, बचत ९७ हजारांच्या वर. तीन वर्षे व महिनाभरात तफावत भरून निघते आणि पुढची वर्षे निव्वळ लाभाची. गाडी तीच, वीज तीच, निकाल भिन्न. ‘विजेची गाडी स्वस्त पडते का?’ या प्रश्नाला म्हणून एक उत्तर नाही. ‘तुम्ही किती फिरता?’ हा प्रतिप्रश्नच आधी विचारला पाहिजे.

मग आमच्या विद्यार्थ्याच्या वडिलांनी काय करावे? माझ्या मते त्यांनी धाकट्या बॅटरीची गाडी पाहावी. लोक थोरली घेतात ती गरजेपेक्षा भयापोटी. वर्षातून दोनदा बेळगावास जाण्यासाठी ३६३ दिवस पाच युनिटांचे ओझे वाहणे आणि त्याचे व्याज भरणे यात शहाणपण नाही. त्या दोन दिवशी कदंबची बस आहेच. धाकटीमुळे किमतीची तफावत २ लाखांवर आली तर ३७,००० किलोमीटरमध्ये, म्हणजे त्यांच्या साडेचार वर्षांत, ती फिटते. गाडी स्वतःच्या छपराखाली उभी राहत असावी आणि ती आठ वर्षे ठेवण्याची तयारी असावी, या दोन अटी मात्र सोडता येत नाहीत. त्यांचे घर भाड्याचे असते तर मी त्यांना पेट्रोलचीच घ्या असे सांगितले असते.

आतील सोयींविषयी थोडक्यात. गाडीची लांबी पावणेचार मीटरच्या किंचित वर, म्हणून आमच्या वाड्यावरील अरुंद रस्त्यांवर व फेरीबोटीत ती सहज मावते. क्लच व गिअर नसल्याने नवशिक्यास ती लवकर साधते. चौघे ऐसपैस, पाचवा असेल तर मधल्याने सोशिक असावे. डिकी २४० लिटरची. चतुर्थीच्या आदल्या दिवशी माटोळीचे सामान, नारळ व फटाक्यांची पिशवी एवढ्याने ती भरते. स्टेपनी नाही! तिच्या ऐवजी पंक्चर बुजविण्याचे साहित्य मिळते. खिळा रुतला तर ते चालते. खड्ड्यात टायरची कूसच फाटली तर चालत नाही, आणि आपल्या रस्त्यांवर दुसरा प्रकारच अधिक घडतो. तेथे काटकसर नको होती, असे मला वाटते.

‘पावसात शॉक बसणार नाही ना?’ हा प्रश्न पालकसभेत तिघांनी विचारला. बॅटरीची पेटी एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवूनही आत पाणी शिरू नये अशा प्रमाणाची असते, आणि कोठे बिघाड आढळला तर विद्युत्-प्रवाह आपोआप तोडला जातो. पावसात गाडी भरण्यासही हरकत नाही. मात्र भिंतीतील प्लग छपराखाली व जमिनीपासून उंच हवा. परंतु प्रमाणपत्र आहे म्हणून पूर आलेल्या ओहोळात गाडी घालू नये. पाणी बॅटरीत शिरले नाही तरी गाडीला वाहून नेण्यास ते समर्थ असते, आणि त्या कामी पेट्रोल व वीज असा भेद पाणी करीत नाही. पावसाळ्यात वीज जाते, ही मात्र खरी गैरसोय. आभाळ भरून आले की दिर गाडी भरून ठेवतात, जशी पूर्वी घरात सुकी लाकडे भरून ठेवीत.

धुराविषयीही एक गैरसमज आहे. गाडीला धुराचे नळकांडे नाही, म्हणून धूर कोठेच होत नाही असे म्हणता येत नाही. गोव्याला लागणारी वीज मुख्यतः बाहेरून येते : छत्तीसगडातील कोर्बा, मध्य प्रदेशातील विंध्याचल अशा कोळशावरील केंद्रांतून, काही कैगाच्या अणुकेंद्रातून. भारतात एक युनिट विजेमागे सरासरीने सुमारे ७०० ग्रॅम कर्बद्विप्राणिल वायू हवेत जातो. आपल्या ०.१४ युनिटाने गुणा : किलोमीटरला ९८ ग्रॅम. एक लिटर पेट्रोल जाळल्याने सुमारे २,३०० ग्रॅम निघतो. १६ ने भागा : १४४ ग्रॅम. लाभ आहे, सुमारे एक-तृतीयांशाचा. जाहिरातीत भासवितात तेवढा नाही. बॅटरी बनविताना जो धूर होतो तो यात धरलेला नाही. मात्र शाळेच्या फाटकाशी गाड्यांची रांग लागते तेथील हवा विजेच्या गाडीने बिघडत नाही, आणि पहिलीतल्या मुलाचे नाक धुराच्या नळकांड्याच्या उंचीवर असते हे आपण विसरतो. उलट, हीच गाडी मागे येताना आवाज करीत नाही. फाटकाशी उभे असता कानांवर विसंबू नका, वळून पाहा.

शेवटी बॅटरीच्या वयाविषयी, कारण पुढील काळात तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी अशी गाडी जुनी म्हणूनच येईल. लिथियमची बॅटरी एकाएकी मरत नाही, हळूहळू तिची धारणशक्ती घटते. तीव्र उष्णता, वारंवार जलद भरणे, आणि भरलेल्या किंवा अगदी रिकाम्या स्थितीत दिवसेंदिवस उभी ठेवणे, ही तिच्या झिजेची मुख्य कारणे. सावलीत उभी केलेली आणि घरच्या प्लगवर सावकाश भरलेली गाडी अधिक टिकते. जुनी गाडी पाहावयास गेल्यावर रंग आणि बैठकी नंतर पाहाव्यात. आधी हमीचे कागद आपल्या नावावर होतात का ते विचारावे. मग बॅटरी पूर्ण भरावयास लावावी आणि ओळखीच्या रस्त्याने, समजा फोंडा ते पणजी व परत, अशी साठ किलोमीटर चालवून आणावी. बॅटरी शंभरावरून सत्तरच्या आसपास उतरली तर ठीक. पन्नासवर आली तर विक्रेत्याला नमस्कार करून घरी यावे.